डाव्या टाचेची कड

बसा सोप्यावर, पाय वर घेऊन बसा. गेलेली वीज आता सकाळपर्यंत येत नाही, आणि शेजारी शालिनीनेही दिवा मालवलाय, तेव्हा सांगायला हरकत नाही. पोरांनो, ही गोष्ट ऐकीव नव्हे. आमच्या शेजारच्या अनंतची आहे, आणि अनंतच्या घरात फोडणीला मोहरी जास्त पडली तरी आमच्या खिडकीला कळतं.

गोवा घटक राज्य होऊन दोन पावसाळे झाले होते. पौषातली अमावास्या, देवळाच्या मांडवात जत्रेचं नाटक. भाषेच्या वादावरून त्या वेळी गावात भाऊ भावाच्या दारात जात नव्हता, पण नाटकाला सगळे एकाच सतरंजीवर. नाटक मराठीत आणि पडद्यामागची भांडणं कोकणीत.

अनंत खाणीच्या ट्रकांवर नावं रंगवायचा, आणि जत्रा आली की पडदे, तलवारी, मुकुट. त्या वर्षीच्या नाटकात पाखल्यांचा कप्तान होता. पाखले म्हणजे पोर्तुगीज शिपाई. तुमच्या जन्माआधीच गेले ते. कप्तानाचं काम प्रज्योतकडे होतं. अनंतच्या बायकोचा, शालिनीचा, एकुलता एक भाऊ. चैत्रात त्याचं लग्न ठरलेलं. नाटक बसवणाऱ्या कृष्णनाथबाबनी अनंतला डिचोलीच्या बाजारात धाडलं, उंच बूट आणायला. आणि आणून ते जुने करायला. रानातून वर्षानुवर्षं हिंडलेल्या कप्तानाच्या पायात कोरे बूट दिसले तर लोक हसतील.

अनंतने बूट आणले. पॉलिश पेपरने चकाकी उडवली. गरम पाण्यात भिजवून पुढून वाकवले, सुतळीने आवळले, म्हणजे बोटांपाशी सुरकुत्या पडतात. मग डिंकात लाल माती कालवून ती स्पंजाने थापली, शिवणीत काजळी भरली, वरून पावडर फुंकली. आम्ही कुंपणावरून बघत होतो. आम्हाला तर ते जुनेच वाटले.

कृष्णनाथबाबनी मात्र तोंड वाकडं केलं. "अनंता, हे बूट नव्हत रे, तुझो ट्रक. सगळीकडे एकच रंग."

"जुने दिसतात की, बाब."

"दिसतत. पण ह्यांतसून चाललो कोण? माणूस चलता तेव्हा खंय तरी झुकता, खंय तरी घासता. तुझ्या बुटांतसून कोणच चालूक नाय."

हे अनंतला लागलं. मग तो भेटेल त्याचे पाय बघत सुटला. बसस्टॉपवर आमची चप्पलसुद्धा उलटी करून बघितली. म्हणाला, "वयनी, तुमची चाल अगदीच सरळ." आम्ही म्हटलं, "चालच सरळ आहे रे मेल्या, कान तेवढे वाकडे." हसला. पण मनातून हसला नाही.

आणि मग त्याला शिंवेवरच्या वहाणा आठवल्या.

गावाच्या शिंवेवर आंब्याखाली आमच्या देवचाराचा पाषाण आहे. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. वर्षाला एकदा त्याला चामड्याच्या नव्या वहाणा ठेवायच्या, माणसाच्या पायाला मोठ्या होतील अशा. रात्री तो शिंवेवरून फेरी घालतो. वर्ष सरतं तेव्हा त्या वहाणा झिजलेल्या असतात. झिजल्या म्हणजे राखण झाली. त्यांना कोणी हात लावत नाही. लावू नये, हे कोणाला सांगावंही लागत नाही.

अनंतने डावी वहाण उचलून उलटी केली. टाचेची बाहेरची कड सुरीने तासावी तशी गेलेली. पुढे अंगठ्याखाली खळगा. डावा पाय ओढत चालणारा कोणी जड माणूस. इतकी खरी झीज त्याने आजवर बघितली नव्हती. वहाण त्याने पिशवीत टाकली. नाटकाच्या रात्री परत ठेवू. तोवर त्याला उजवी आहे की... असं स्वतःशीच म्हणाला आणि हसला.

घरी शालिनीने पिशवीत डोकावून बघितलं. "अवो, ही कोणाची?"

"नाटकाची."

"एकच?"

"कप्तान लंगडो आसा," अनंत म्हणाला. तिने वहाणेकडे बघितलं आणि त्या रात्री कोणाला न सांगता तुळशीपाशी जादा दिवा लावला.

अनंतने कानस घेतली. वहाण समोर ठेवून बुटाची डावी टाच घासली, तीच कड, तोच तिरकेपणा. अंगठ्याखाली तसाच खळगा पाडला. काम संपलं तेव्हा बूट जमिनीवर ठेवताच एका बाजूला कलला.

कृष्णनाथबाबनी तो हातात घेतला. फिरवून बघितला. मग हात भाजल्यासारखा खाली ठेवला.

"हां," म्हणाले. "ह्यांतसून कोण तरी चाललो."

नाटकाच्या रात्री शालिनी नवऱ्याला म्हणाली, "नाटक सुटलां की प्रज्योताक घेऊनच येयात. रात अवसेची." अनंतने मान हलवली. पिशवी खांद्याला होती. आत रंग, ब्रश आणि ती वहाण. परतताना ठेवून देऊ, एवढंच त्याच्या मनात.

बूट प्रज्योतला मोठे होत होते. अनंतने आत चिंध्या कोंबल्या, नाड्यांना दुहेरी गाठ मारली. "भावोजी, जड झाले हो," प्रज्योत म्हणाला. "दोघांचे पाय आत असल्यासारखे." दोघेही हसले.

कप्तान रंगमंचावर आला आणि मांडव गप्प झाला. पोरंसुद्धा रडायची थांबली. तालमीत प्रज्योत ताठ चालायचा. आज डावा पाय ओढत होता. फळ्यांवर आवाज... ठक, आणि मग घासल्याचा. ठक, आणि मग घासल्याचा. कृष्णनाथबाब विंगेत खूश. "बघ, बुटांनी नट घडयलो."

अनंतला मात्र ती चाल कोणाची ते कळलं होतं.

शेवटच्या प्रवेशात कप्तान डावीकडून बाहेर जातो. प्रज्योत गेला. विंगेत थांबला नाही. मांडवाच्या मागून बाहेर पडला आणि रस्त्याला लागला.

"प्रज्योत!"

वळला नाही.

अनंत पिशवीसकट मागे धावला. काळोख. घुमटी मागे पडली. शेवटचा दिवा मागे पडला. पुढे फक्त आवाज, ठक आणि घासल्याचा. अनंत धावत होता, तो चालत होता. अंतर कमी होत नव्हतं.

आंब्याखालून बूट उजवीकडे वळले. जुन्या शिंवेने. तिथे पूर्वी डोंगर होता, डोंगरावरून शिंव जायची. आता डोंगर नाही. खाणीने खाल्ला. तिथे कडा आहे, आणि कड्याखाली पाण्याने भरलेला खड्डा, कोणाला तळ न लागलेला. राखणदाराची फेरी मात्र जुन्याच वाटेने. त्याला डोंगर काय आणि हवा काय.

प्रज्योतच्या पायांना मात्र जमीन लागणार होती.

अनंतने वाट सोडली. करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडून घेत आडवा गेला आणि कड्यापाशी पुढे येऊन उभा राहिला. पिशवी उपडी केली. रंग सांडले. वहाण दोन्ही हातांनी वाटेत ठेवली.

"चुकलां... घे. तुझी तू घे. त्याका सोड."

ठक.

घासल्याचा आवाज आला नाही.

प्रज्योत हाताच्या अंतरावर उभा होता. डोळे उघडे. त्यांत ओळख नाही. त्याच्या अंगाला ओल्या चामड्याचा वास... वारा नाही. किडे नाहीत.

मग कोणीतरी श्वास सोडला. प्रज्योतने नव्हे.

प्रज्योत मटकन खाली बसला. अनंतने त्याला मिठी मारली, पाय चाचपले. पाय उघडे होते. टाचा रक्ताने भरलेल्या. नाड्या त्याने स्वतः बांधल्या होत्या, दुहेरी गाठीने...

आणि त्यांच्या शेजारून आवाज पुढे गेला.

ठक. घास.

कड्याकडे.

ठक... घास...

कडा आला. अनंत डोळे मिटून वाट बघत राहिला, पाण्यात काही पडल्याच्या आवाजाची.

पडलं नाही काही.

मधल्या हवेतून ठक. घास. आणि मग पलीकडच्या काठावर. लांब लांब.

प्रज्योत वाचला. लग्न चैत्रात नाही, पुढल्या वर्षी झालं. तो फोंड्याला राहतो, जत्रेला येत नाही, आणि घरात कोणाला बूट घालू देत नाही. वाटेत ठेवलेली वहाण सकाळी पाषाणापाशी सापडली, उजवीच्या शेजारी, नीट जोडीने. बूट सापडले नाहीत.

गाव अजून दरसाल नव्या वहाणा ठेवतं. पण तेव्हापासून त्या झिजत नाहीत. वर्षाने बघावं तर तशाच कोऱ्या, वर धूळ.

आणि दर अवसेच्या सकाळी शालिनी कोंबड्याआधी उठून खळं, म्हणजे दारापुढचं अंगण, सारवते. आम्ही तिच्याही आधी उठून बघितलंय. शेणावर एकच ठसा असतो. बुटाचा. डाव्या टाचेला बाहेरची कड नाही. टोक अनंतच्या दाराकडे. येतानाचा दुसरा नाही, जातानाचा तर नाहीच.

दर वर्षी तो थोडा थोडा विरळ होत आला. परवाच्या अवसेला आम्ही कंदील खाली धरून बघितला. टाच होती. मध्ये तळ नव्हताच, झिजून गेलेला.

आणि पुढे, बुटाच्या टोकाच्या आत, बोटं उमटली होती.

काल अनंत डिचोलीच्या बाजारात गेला. आम्ही कुंपणाशीच उभे होतो. काय आणायला जातोस, हे विचारलं नाही.