आजोबांच्या डोळ्यांतली बांगडी

"अरे, उजवीकडे उचल! आजोबा कलले!" मधू खालून ओरडला.

"मग तूच ये ना वर!" स्टुलावरचा चंदर वैतागला. मे महिन्यातली बदलापूरची दुपार, वीज गेलेली आणि हातात काचेची जड तसबीर! सगळा हेंद्रेपाडा झोपला होता. कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होती.

चंदरचे आजोबा, बुधाजी, गेल्या उन्हाळ्यात वारले. परवा त्यांचं वर्षश्राद्ध. त्यासाठी चंदरच्या बाबांनी उल्हासनगरच्या स्टुडिओतून त्यांचा फोटो मोठा करून आणला होता. शेजारच्या बिल्डिंगमधली कुंदा आणि तिचा धाकटा भाऊ मधू, सुट्टीत दुसरं काही सुचेना म्हणून मदतीला आले होते.

"आजी, आता सरळ आहे का गं?" चंदरने विचारलं.

मोतीबाई आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मना नको विचारू. यो तुझा आजा नाय."

झालं! फोटो घरात आल्यापासून आजीचं हेच चाललं होतं.

रात्रपाळी करून आलेले बाबा खाटेवरूनच म्हणाले, "आये, तुझ्या डोल्यांचं आपरेशन झालंय. तुला काय दिसतंय? तोच फेटा, तोच कोट!"

"कोट स्टुडिओचा हाय. त्यान् बसलाय कोन, ता सांग." आजी थांबली. मग हळूच म्हणाली, "रोज सकालचे परक्या मानसाला हात जोडू का रे मी?"

बाबांनी कूस बदलली. आजी रडली असती तर बरं झालं असतं असं कुंदाला वाटलं. पण आजी रडून रडून दमली होती. घरातल्या माणसाचा चेहरा आपण रोज बघतो, म्हणजे खरं तर बघतच नाही. शिवाय स्टुडिओवाल्याने फोटोतल्या सुरकुत्या घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या. चंदरलाही खात्रीने काही सांगता येईना.

कुंदा स्टुलावर चढली. अगदी काचेला नाक लावून तिने बघितलं. "चंदर! आजोबांच्या डोळ्यांत बांगडी आहे!"

"ऊन लागलं हिला," मधू म्हणाला.

"गप रे! दोन्ही बुबुळांत बघ, पांढरी गोल बांगडी. समोरचा दिवा डोळ्यांत दिसतो ना, तसा! आजी, फोटो काढताना समोर गोल दिवा होता?"

आजी वळली. "गोल कशाला? पांढरी छत्री व्हती, तिच्यान् दिवा. मी बाजूलाच व्हते ना! यांचा फेटा कलला, म्हनून सारका कराला हात घातला, त फोटोवाला शेठ वरडला, फोटो खराब केला! मंग दुसरा काढला."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. समोर छत्री असेल, तर डोळ्यांत बांगडी कशी येईल?

आजीच्या जुन्या लुगड्यात तसबीर गुंडाळून त्यांनी ती सायकलच्या कॅरिअरला बांधली. दोन भाड्याच्या सायकली आणि तीन माणसं! अंबरनाथ येईपर्यंत मधूची जीभ बाहेर आली होती. "गोष्टीतल्या पोरांना घाम येत नाही का गं?"

"येतो. पण ती बडबडत नाहीत," कुंदा धापा टाकत म्हणाली. उल्हासनगरच्या कॅम्प चारला पोचेपर्यंत कुणाच्याच अंगात भांडायचं त्राण उरलं नाही.

स्टुडिओत लछमनदास शेठ पंखा पुरेना म्हणून पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. मागे खुंटीवर एक कोट आणि बांधलेला फेटा लटकत होता. सगळ्या कॅम्पचे म्हातारे तोच घालून फोटो काढायचे!

"देखो बाबा, तेरे बाप ने पावती गुमाई," शेठ म्हणाले. "बोला, बूढ़ा आदमी, फेटा, सफेद मूँछ. मैंने ढूँढ के दिया. अब टाइम खोटी मत करो!"

"जुन्या निगेटिव्ह कुठे आहेत?" चंदरने विचारलं.

शेठने दारातल्या दोन पोत्यांकडे बोट दाखवलं. "भंगारवाला आ रहा है. उसमें से चाँदी निकालते हैं."

आजोबा पोत्यात होते आणि पोतं निघालं होतं! पण कुंदाने एकदम गोड आवाज काढला. "अंकल, तुमच्याकडे नवीन लाइट आहे म्हणे?"

शेठची मरगळ कुठल्या कुठे पळाली. "रिंग लाइट! पूरे कॅम्प में किसी के पास नहीं!" त्यांनी चंदरला स्टुलावर बसवलं आणि बटण दाबलं. समोर गोल ट्यूब लख्ख पेटली. तिच्या मधल्या भोकातून कॅमेरा डोकावत होता. "देखो, मुँह पे एक भी छाया नहीं!"

कुंदाने चंदरच्या डोळ्यांत बघितलं. दोन पांढऱ्या बांगड्या! "मस्त! कधी घेतला, अंकल?"

"अभी पिछली दिवाली को!"

"आणि चंदरचे आजोबा त्याच्या आधीच, उन्हाळ्यात गेले!" कुंदाने लुगडं सोडून तसबीर पुढे केली. "मग यांच्या डोळ्यांत तुमचा दिवा कसा?"

शेठने भिंग लावून बघितलं. पुन्हा बघितलं. मग ते मटकन खुर्चीत बसले. "अरे बाबा, गलती हो गई!"

तेवढ्यात दारात हातगाडी थांबली. भंगारवाल्याने पोत्याला हात घातला आणि मधू धाडकन पोत्यावरच बसला. "आई गं! पाय मुरगळला! उठताच येत नाही!"

"अरे, बाद में आओ!" शेठने भंगारवाल्याला परत पाठवलं. मधूचा पाय त्याच क्षणी बरा झाला!

मग रिंग लाइटसमोर एकेक निगेटिव्ह धरून बघायचं काम सुरू झालं. उलट्या रंगांत सगळ्यांच्या पांढऱ्या मिशा काळ्या, आणि कोट तर एकच! माना अवघडल्या, डोळे चुरचुरले. पहिलं पोतं संपलं. शेठही जमिनीवर बसून शोधत होते. मधू पोत्याला टेकून पेंगायला लागला.

"हात!" चंदर ओरडला. "इथे बघा, बांगड्यांचा हात!"

फेट्याकडे गेलेला आजीचा हात! त्याच्या खालची, दुसऱ्या फोटोची चांगली निगेटिव्ह मात्र ओलीने दुसरीला चिकटून फाटली होती.

"ये तो खराब वाला है, बेटा," शेठ ओशाळून म्हणाले.

"हाच द्या," चंदर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः तसबीर घेऊन हेंद्रेपाड्यात आले. पहिल्या फोटोतला माणूस अंबरनाथला खणखणीत जिवंत होता आणि फोटोसाठी खेटे घालून कंटाळला होता. आपल्या फोटोला श्राद्धाचं कुंकू लावायची तयारी झाली होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आजीने लुगड्याने काच पुसली. फोटोत बुधाजी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. भुवई उडवून, मिशीत हसत, ते फेट्याला हात घालणारीकडे बघत होते. डोळ्यांत बांगडी नव्हती. इवलीशी पांढरी छत्री होती.

"असंच बगायचे माझ्याकडं," आजी म्हणाली. आता मात्र तिला रडू आलं.

बाबांनी खाली मान घातली. "आये, चुकलो मी. पोरांनो, शाबास! आम्ही कोट ओळखला, तुम्ही माणूस शोधलात."

चंदर खिळा ठोकायला स्टुलावर चढला, तशी आजी म्हणाली, "येवढ्या वर नको. माझा हात पोचला पायजे."

तसबीर खाली लागली. ती जरा कलली होती. आजीने हात घालून सारखी केली. या वेळी कुणी ओरडलं नाही.