झालेल्या लग्नाची पत्रिका

"लग्न झालेल्या माणसांच्या लग्नाची पत्रिका कशी लिहितात हो?"

काउंटरवरून हा प्रश्न आला आणि आत कॉम्प्युटरवर बसलेल्या यशोधराची बोटं जागच्या जागी थांबली. प्रश्न विचित्र होता म्हणून नव्हे. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये लग्नपत्रिकांचं दुकान म्हटलं की याहून विचित्र प्रश्न रोज येतात. बोटं थांबली ती आवाजामुळे. हा आवाज तिने उभ्या जन्मात दोनदाच ऐकला होता… आणि तो तिच्या नवऱ्याचा होता.

"झालंय तर मग छापता कशाला, साईं?" दुकानाचे सिंधी मालक लधाशेठ हसले.

"अर्धंच झालंय."

"आधी शादी? वो कैसे होता है?"

होतं, होतं. न व्हायला काय झालं? सम्यक भालेराव अंबरनाथच्या एका कंपनीत टूलरूमला होता. कंपनीची क्वार्टर्स लग्न झालेल्यांनाच मिळायची, आणि त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार सहाची यादी एकतीस मार्चला बंद होणार होती. मग काय विचारता! फेब्रुवारीत बुवापाड्याला किसनराव शेजवळांच्या घरी पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, लगोलग नोटीस लावली, आणि महिना भरताच एकोणतीस मार्चला ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. सह्या करून नवरी बापाबरोबर बुवापाड्याला परत आणि नवरा आईबरोबर बदलापूरला, खरवईला परत. मंगल परिणय मे महिन्यात रीतसर करू, तोवर भेटीगाठी नकोत आणि बाहेर बोभाटा नको, असं किसनरावांनी आणि सम्यकच्या आईने, गयाबाईंनी, परस्पर ठरवून टाकलं. शेजवळांच्या घरात मोबाइल एकच, तोही किसनरावांच्या खिशात.

त्यात आणखी एक घोळ होता. चष्म्यात पोरगी मास्तरीण दिसते म्हणून आत्याने बघण्याच्या दिवशी यशोधराचा चष्मा काढून घेतला होता. सह्यांच्या दिवशी फोटो होते म्हणून पुन्हा काढला. आणि बिनचष्म्याच्या यशोधराला समोर म्हैस आहे की मोटार हेसुद्धा धड कळत नसे. नवरा म्हणून तिने एक पांढऱ्या शर्टाचा ठिपका पाहिला होता, बस्स. आवाज मात्र नीट लक्षात ठेवला होता.

"वो मॅडम को बताओ. मराठी मॅटर तीच करते," म्हणत लधाशेठनी स्टूल सरकवलं. पोरीच्या सह्यांचा त्यांना पत्ताच नव्हता.

तो येऊन बसला. यशोधराने चष्मा सारखा केला आणि आपल्या नवऱ्याकडे पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं. उन्हाने लाल झालेले कान, डाव्या भुवईत बारीकसा कट, हातात घामाने मऊ पडलेला कागद. बरा आहे की, तिला वाटलं. खरं म्हणजे चांगलाच होता, पण इतक्यात मान्य कशाला करा. त्याने मात्र एखाद्या दुकानातल्या मॅडमकडे बघावं तेवढंच तिच्याकडे पाहिलं आणि नजर स्क्रीनवर नेली. तिला हसूही आलं आणि थोडा रागही.

"वर कोणाचा फोटो? बुद्धांचा की बाबासाहेबांचा?"

"दोघांचाही."

"नवरीच्या नावाआधी काय टाकू? कु. की सौ.?"

"तिथंच तर गाडी अडलीय," तो म्हणाला. "कु. लिहावं तर कायद्याने खोटं. सौ. लिहावं तर आई म्हणते, आधीच उरकलं म्हटल्यावर बाया बोटांवर महिने मोजतील."

"नवरी कशी आहे?"

"का?"

"फाँट ठरवायला. नाजूक असेल तर बारीक अक्षर, दणकट असेल तर ठळक."

तो हसला. हसताना भुवईतला कट वर गेला… आणि यशोधरा फाँटची यादी उगाचच वरखाली करत राहिली.

"खरं सांगू? मी नीट बघितलंच नाही तिला. मान खाली घालून बसलो होतो. आणि तिने पण मला बघितलं नसावं. पूर्ण वेळ माझ्या काकांकडे बघून लाजत होती."

अगं बाई. म्हणजे दीड महिना आपण ज्या ठिपक्याच्या आठवणीने सुखावत होतो, तो ठिपका काका होता? यशोधराने ओठ घट्ट दाबून धरले.

"घाबरट दिसतात नवरदेव."

"त्याला सज्जन म्हणतात, मॅडम."

"असं होय." तिने मान खाली घातली आणि भराभर टाइप केलं. त्याने वाकून वाचलं— *आयु. यशोधरा किसन शेजवळ.* "आयु. म्हणजे आयुष्मती," ती म्हणाली. "आपल्याकडे चालतं ते. लग्न झालेलीला, न झालेलीला, सगळ्यांना."

"हां, हे बेस आहे. आमच्या डोक्यातच…" तो स्क्रीनवर आणखी वाकला. पुन्हा वाचलं. मग हळूहळू मान वळवली. "पण मी नाव कुठं सांगितलं तुम्हाला?"

"मी चष्मा लावते," यशोधरा म्हणाली. "घरच्यांनी सांगितलं नसेल."

सम्यक उठून उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला.

"क्या हुआ? कुछ गलत छप गया क्या?" शेठनी विचारलं.

"नाही, नाही… बरोबर आहे," तो म्हणाला. "एकदम बरोबर आहे."

आणि नेमकी लाइट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळा झाला.

"सेव्ह केलं होतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. "उद्या यावं लागेल."

"यावं लागेल," तो म्हणाला. सगळं काम पाण्यात गेलेला माणूस इतका खूश तिने आजवर बघितला नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही. पहिली शिफ्ट सुटली की लोक बदलापूरची वाट धरायचे आणि हा उलट्या दिशेला, कॅम्प दोनला. पत्रिकेत रोज काहीतरी अडलेलंच असायचं. एकदा आडनावावरून अडलं, शेजवळ लिहायचं की भालेराव. एकदा 'मंगल परिणय' म्हणायचं की नुसता 'स्वागत समारंभ'. एकदा कडेची वेल हिरवी हवी की सोनेरी, यावर दोघांनी पाऊण तास घालवला. शेवटी यशोधराने शेठना खरं काय ते सांगून टाकलं.

"वाह रे वाह," शेठनी कपाळाला हात लावला. "इतने में तो लोगों का तलाक भी हो जाता है. जा बेटी, नवऱ्याला उसाचा रस पाज."

समोरच रसवंती होती. लिंबू-आलं घातलेला रस, वर बर्फ. ती ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायची आणि तो स्वतःचा ग्लास तसाच ठेवून तिच्याकडे बघत बसायचा.

"बर्फ वितळतोय तुमचा."

"वितळू दे. बायकोला बघतोय, आधी राहून गेलं होतं… आणि तुम्ही काय तुम्ही? नवऱ्याला तू म्हणायचं."

"तुम्ही कुठं मला तू म्हणता?"

"बायको आहे की मॅडम, तेच अजून ठरत नाहीये."

"मग ठरव की," ती म्हणाली. आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर तिने उरलेला रस एका दमात संपवला.

असं सगळं छान चाललं होतं. पण यशोधराच्या मनात एक काटा होता. रोज सकाळी वेणी घालताना तो टोचायचा. या माणसाला बायको कशाला हवी होती? क्वार्टरसाठी. यादीची तारीख पुढे असती तर याने मला पाहिलं असतं का, विचारलं असतं का? मला तर कुणीच काही विचारलं नाही. पोहे कर म्हणाले, मी केले. सही कर म्हणाले, मी केली. आता तो मला आवडायला लागलाय, सरळ सरळ आवडायला लागलाय. आणि त्याला मी आवडते की दोन खोल्या, हे मला पत्रिका छापायच्या आत कळायला हवं.

म्हणून ती रसवंतीवर सहज विचारायची, "क्वार्टर कसं आहे रे? गॅलरी आहे?" आणि तो कडेच्या वेलीवर बोलायला लागायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने ग्लास खाली ठेवला.

"सम्यक, मी क्वार्टरचं विचारलं."

त्याने बराच वेळ टेबलावरचं ओलं वर्तुळ बोटाने पुसलं.

"नाही मिळालं," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा दुकानात आलो ना, त्याच दिवशी यादी लागली. माझं नाव दोन नंबरने राहिलं."

"आणि इतके दिवस तू गप्प?"

"आईलापण सांगितलेलं नाही. रोज ठरवून यायचो, आज सांगायचंच. मग तू विचारायचीस, वेल हिरवी की सोनेरी… आणि मला घरी जावंसंच वाटायचं नाही." त्याने मान वर केली. "खोटं नाही बोलणार. मी हो म्हटलं ते क्वार्टरसाठीच. तुझ्याकडून घाईघाईत सही घेतली, आणि ज्याच्यासाठी घेतली ते तर गेलंच. पण पत्रिका अजून छापलेली नाही. म्हणून विचारतोय. तुला हे लग्न हवंय का? नको असेल तर सांग. सगळ्यांना मी तोंड देईन, तुझ्यावर बोल येऊ देणार नाही."

यशोधराला राग आला होता. चांगला रसरसून आला होता. आणि त्या रागातच तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, कारण 'तुला हवंय का' हे तिला आजवर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

"आईंना आजच्या आज सांग," ती उठत म्हणाली. "आणि शनिवारी त्यांना घेऊन दुकानात ये. मी बाबांना आणते. प्रूफ तयार ठेवते."

"पण तू उत्तर नाही दिलंस…"

"प्रुफात देते."

तीन दिवस सम्यकला जेवण गेलं नाही म्हणतात. त्याची आई तसं सांगते, खरंखोटं तिला माहीत.

शनिवारी लधाशेठच्या दुकानात चार खुर्च्या मांडल्या गेल्या. गयाबाई आल्या त्या धुसफुसतच. क्वार्टर गेल्याचं त्यांना पोराने सांगितलं होतं आणि त्यांचा पारा अजून उतरला नव्हता. यशोधराने प्रूफ काढून बापाच्या हातात दिलं. किसनरावांनी चष्मा लावला आणि कामगारांच्या मीटिंगमध्ये वाचायचे तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"'आयु. यशोधरा आणि आयु. सम्यक यांनी दिनांक एकोणतीस मार्च दोन हजार सहा रोजी विवाहनोंदणीच्या सह्या केल्या. तेव्हा फार घाई होती, त्यामुळे एकमेकांना विचारायचं राहून गेलं.'" किसनरावांचा आवाज खाली आला. "'आता विचारून झालं आहे. दोघांचाही होकार आहे. म्हणून रविवार दिनांक एकवीस मे रोजी मंगल परिणय. आपण जरूर यावं.'"

सम्यकने खुर्चीचा हात धरला. त्याचे कान आज उन्हावाचूनच लाल झाले होते.

"असं कोणी लिहितं होय?" गयाबाई म्हणाल्या. "सह्या झाल्या हे गावभर सांगायचं? अगं, लोकं काय म्हणतील?"

"घाई होती म्हणतील, आई. होतीच की," यशोधरा म्हणाली. "पण कु. लिहून मला पाहुण्यांना फसवायचं नाही. आणि सह्यांचं लपवलं तर असं वाटेल की मी काहीतरी चुकीचं केलं. मी काही चुकीचं केलेलं नाही."

किसनराव अजून कागदाकडेच बघत होते. "चुकलं ते माझं," ते म्हणाले. "यादी बंद होतेय म्हटलं आणि पोरीला पोहे करायला लावले. मी तरी कुठं विचारलं तुला?"

"मग आता विचारा, बाबा."

किसनरावांनी घसा खाकरला. इतक्या लोकांत, शेठच्या समोर, त्यांना ते अवघड गेलं. "यशे… करायचंय का गं तुला?"

"हो, बाबा. मनापासून."

यावर गयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्याच क्षणी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बाया मोजू देत किती महिने मोजायचे ते. मोजून मोजून दमतील. आणि खाली 'आहेर आणू नये' टाक गं. ते विसरलीस."

शेठनी दोन्ही वडीलधाऱ्यांना आतल्या बाजूला कागदाचे नमुने दाखवायला नेलं, आणि ही दोघं दुकानाच्या पायरीवर आली. बाजार भरात होता. हातगाड्या, रिक्षा, बांगड्यांचे ढीग, सगळीकडे कुणी ना कुणी मोठ्याने काहीतरी विकत होतं.

"'दोघांचाही होकार' लिहिलंस," सम्यक म्हणाला. "मला कुठं विचारलंस?"

"मग नाही म्हण. शेठनी अजून मशीन चालू केलं नाहीये."

"तू ना…" त्याने श्वास घेतला. "आधी मला क्वार्टरसाठी बायको हवी होती. आता क्वार्टर नाही, आणि मला तू हवी आहेस. खूप. पण खरवईला दीड खोली आहे, यशोधरा. पाणी एक दिवसाआड येतं. आणि आई म्हणते मी घोरतो."

"आणखी काही? आत्ताच सांग. छपाई सुरू झाली की बदल होत नाहीत."

"आणखी काही नाही."

"मला दीड खोली चालेल," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. त्या रसवंतीवर तू विचारलंस ना, तेव्हाच हो म्हणणार होते. पण तू लपवलंस म्हणून तीन दिवस टांगून ठेवलं." मग तिने मान वळवून आत हाक दिली, "शेठ, छापा."

आत मशीन खडखडलं. यशोधराने भर बाजारात, शेठ बघत असताना, सासू आणि बाप आत असताना, सम्यकचा हात धरला. कायद्याने तिला तो एकोणतीस मार्चपासूनच धरता येत होता.