जिलबी कुणाकडे पाहत होती

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात कुणीही भूत मानत नाही. पप्पा तर अजिबातच नाही. लिंबू-मिरची, काळा दोरा, उतारा, यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. मी स्वतः अंधश्रद्धेवर भाषण ठोकून शाळेत कप आणलाय.

तरी हे घडलं.

गेल्या फेब्रुवारीत, संग्रामपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या शेतात.

आणि रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

मी महामाया, नववीत आहे. फोटो मी भारी काढते, हे सांगायला आता मी लाजत नाही. पप्पांचा जुना मोबाईल हातात आल्यापासून गावातलं एकही कुत्रं माझ्या तावडीतून सुटलेलं नाही. पण हिरोईन एकच.

जिलबी.

आमची कुत्री. तांबूस अंग, जिलबीसारखी वळलेली शेपूट, गळ्यात एक घुंगरू. मी शाळेतून आले की ते घुंगरू फाटकापासून माझ्या चपलेपर्यंत वाजत यायचं.

शाळेत फोटोंची स्पर्धा लागली. विषय, बदलते ऋतू. मी ठरवलं, जागा एकच ठेवायची. नाल्याकाठच्या बांधावर आमचा धावडा आहे, त्याच्याखालचा चपटा दगड. त्यावर जिलबी. झाड रंग बदलेल, जिलबी तीच राहील.

पोळ्याला धावडा हिरवागार. दिवाळीत गवत पिवळं पडलेलं. संक्रांतीला तर धावडा असा लाल झाला होता, जणू तांब्याचं भांडं घासून उन्हात ठेवलंय.

दर वेळी मी नाल्याकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे उतरतं ऊन मागून येतं आणि रंग खुलतात. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात बिस्कीट, कॅमेऱ्याच्या अगदी वर. बिस्कीट दिसलं की जिलबी बरोबर कॅमेऱ्यात पाहते.

निदान मला तसं वाटायचं.

संक्रांतीच्या फोटोच्या वेळी शेजारच्या शेतातल्या अन्नपूर्णाबाई सरपण वेचत होत्या. मी त्यांना काकू म्हणते.

"पोरी, नाल्याले पाठ देऊन काऊन उभी हायेस वं?"

"ऊन मागून लागते काकू. नाहीतर जिलबी काळी येते फोटोत."

"येऊ दे काळी. पानगळीत रानाले पाठ देत नसतात. झाडाले पाठ टेकव. आमी सरपण वेचतानी तसंच बसतो."

"झाडाले पाठ टेकवली तर झाडाचा फोटो कोण काढीन काकू? रान?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मोळी डोक्यावर घेतली आणि नाल्याकडे तोंड ठेवून, मागे मागे सरकत बांध उतरल्या.

मी त्यांची नक्कल करत घरापर्यंत उलटी चालत गेले. मम्मी पोट धरून हसली.

मग फेब्रुवारी. मधल्या सुट्टीत मी मैत्रिणीला, डिंपलला, तिन्ही फोटो एकाखाली एक लावून दाखवले. म्हटलं, आता वाहवा होईल.

डिंपलनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"जिलबी तुह्याकडं पाहूनच नाही राह्यली वं."

"बिस्किटाकडं पाहते ते."

"नाही वं. नीट पाय."

मी जिलबीचे डोळे मोठे करून पाहिले.

पोळ्याच्या फोटोत तिची नजर सरळ होती. माझ्या उजव्या खांद्यावरून, लांब... नाल्यापलीकडे.

दिवाळीच्या फोटोत मान थोडी वर.

संक्रांतीला... अजून वर.

लांबच्या माणसाकडे कुत्रं सरळ पाहतं. तोच माणूस जवळ येत गेला की त्याला मान वर करावी लागते.

आणि संक्रांतीला जिलबीची मान पार वर होती. माझ्या डोक्याच्याही वर.

"शेवटचा राहू दे," डिंपल म्हणाली. "तीनच पाठव."

पण पानं झडलेल्या झाडाशिवाय ऋतू पूर्ण कसा होणार? म्हटलं, "घाबरली का वं? तू बी चाल." कपवाली मुलगी होते ना मी.

शनिवारी शाळा लवकर सुटली आणि आम्ही गेलो.

धावडा उघडा झाला होता. नाल्याकडच्या सागांनी पण सगळी पानं टाकली होती. सागाचं वाळलं पान पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. बांधभर तसा पाला पडला होता.

जिलबी स्वतःहून दगडावर जाऊन बसली. डिंपल तिच्या मागे, गाडीवाटेवर सायकल धरून उभी राहिली. म्हणजे तिला समोर मी दिसत होते, आणि माझ्या मागे नाला.

मी नेहमीसारखी पाठ केली. मोबाईल वर धरला.

आधी सातभाई पक्षी गप्प झाले. ते कधीच गप्प नसतात.

मग मागून...

कर्र.

एक पान मोडलं.

मी म्हटलं, सरडा असेल.

कर्र... कर्र.

सरडा असा थांबून थांबून चालत नाही. ते दोन पाय होते, सावकाश टाकलेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे आजच आलेलं नव्हतं. पोळ्याला खाली ओली माती होती, दिवाळीत मऊ गवत, संक्रांतीला पानं अजून झाडावरच. ते तेव्हाही चालत होतं. ऐकू आज आलं, कारण आज पानगळ झाली होती.

कर्र.

अगदी माझ्या मागे.

मग थांबलं.

मला वळता येईना. जिलबीनं मान एवढी वर केली की गळ्यातलं घुंगरू पुढे आलं. माझ्या हातातल्या बिस्किटाकडे तिनं पाहिलंही नाही.

तिनं शेपूट हलवली.

मी घरी आल्यावर हलवायची, तशीच.

माझं बोट कधी दाबलं गेलं, माहीत नाही. फोटो निघाला. जिलबी दगडावरून उतरली, माझ्या पायाला घासून मागे गेली. घुंगरू दोनदा वाजलं...

आणि मध्येच बंद झालं.

मी वळले.

पाला. नाला. ऊन.

"जिलबी?"

डिंपलनं सायकल टाकून दिली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुह्या मागं कोणीच नव्हतं, माया. मी एकटक पाहून राह्यली होती. जिलबी तुह्या पाठीमागं गेली... आणि दुसऱ्या बाजूनं निघालीच नाही."

पप्पांनी रविवारभर नाला पालथा घातला. गावातली पोरं घेऊन पलीकडचं रान पाहिलं. रक्त नाही, केस नाही, घुंगरू नाही.

"बिबट्या असंन," पप्पा म्हणाले. "आपण तसलं काही मानत नाही, बेटा."

अन्नपूर्णाकाकू दोरा घेऊन आल्या होत्या. पप्पांनी त्यांना चहा पाजला, हात जोडले आणि दोरा परत दिला.

काकू जाताना मला एवढंच म्हणाल्या, "आता झाडाले पाठ लावून काय फायदा, बाई."

फोटो मी पाठवलेच नाहीत. शेवटचा तर अजून उघडून पाहिलेला नाही.

एका सकाळी उठले, तर पप्पा ओसरीसमोर पोतं रिकामं करत होते. सागाचा वाळला पाला. घराभोवती सगळीकडे पसरला, माझ्या खिडकीखाली जास्त.

बाहेरून कुणी आलं तर वाजेल, म्हणून.

तो पाला रात्रीचा एकदाही वाजला नाही. आम्ही सगळे कान लावून होतो.

वेगळं ऐकू येतं ते फक्त मी चालले की. शाळेत जाताना, येताना. माझी पावलं थांबतात...

आणि मग एक पाऊल जास्त वाजतं.

मम्मीनं ते ऐकलंय. पप्पांनीही. त्या दिवसापासून पप्पा मला "आपण मानत नाही" असं म्हणालेले नाहीत.

आता झाडांना पालवी फुटतेय. पोत्यातला पाला संपला, पसरलेल्याचा भुगा झालाय. पाऊस लागला की अंगण ओलं होईल, गवत उगवेल. मग ते किती जवळ आहे, हे आम्हाला कळायचं साधनच राहणार नाही.

काकूंकडे नवीन पिल्लू आलंय. छकुली. एवढीशी आहे, नीट भुंकताही येत नाही. काल मी त्यांच्या अंगणात गेले, तर ती धावत माझ्याकडे आली. मी खाली बसून हात पुढे केला.

छकुलीनं हात हुंगलाच नाही.

तिनं मान वर केली... माझ्या उजव्या खांद्याच्या वर.

आणि शेपूट हलवली.