खालचं पाणी

आमच्या कावाक गावापाशी सामुद्रधुनी जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे. अलीकडे आशिया, पलीकडे युरोप. वरचं पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेला इस्तंबूलकडे धावतं. पंचवीस वाव खाली दुसरं, जड आणि खारट पाणी आहे, ते नेमकं उलटं, उत्तरेला जातं. दोन्ही हात पसरले की एक वाव. आजोबा दगडांची टोपली दोराला बांधून त्या खालच्या पाण्यात सोडायचे. टोपली होडीला वरच्या प्रवाहाविरुद्ध ओढत न्यायची. डिझेल वाचवायला मी अजून तेच करतो. चहाच्या टपरीवर मला कवडीचुंबक म्हणतात. म्हणोत.

माझा थोरला भाऊ राउफ अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत होडीतून पडला. टोपली खाली सोडलेली होती आणि समोरून टँकर येत होता. पडता पडता त्यानं टोपलीचा दोर धरला. त्याच्या वजनानं होडी तिरपी होऊन टँकरच्या वाटेतच अडकली. मी ओरडलो, सोड. त्यानं सोडला नाही. मी सुरीनं तो निळा दोर कापला.

गमबूट घातलेला माणूस तळाला जातो आणि तिथून उत्तरेला. हे मला ठाऊक होतं. पण कापलेला दोर हातात धरलेलं प्रेत कुणाला सापडायला नको होतं. म्हणून सांगितलं, त्याची टोपी दक्षिणेला वाहत जाताना पाहिली. पाहणारा मी एकटाच, मग कोण काय बोलणार? शोध दक्षिणेला झाला. तेव्हापासून मुझय्यन वहिनी दर शुक्रवारी बसनं दक्षिणेला, शहराच्या टोकाला जाऊन पाणी बघत बसायची. अकरा वर्षं मी तिला चुकीच्या काठावर बसवलं, आणि वर तिच्या हातचं सूप पीत राहिलो. माझी मलाच किळस येते.

गेल्या हिवाळ्यात टोपलीची गाठ वर येताना उलटी दिसली. मी उजव्या हातानं बांधतो. उलटी गाठ राउफ बांधायचा, तो डावखुरा होता. मी ती सोडून पुन्हा बांधली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. उन्हाळ्यात मी तीस वाव दोर सोडला आणि एकतीस वाव वर आला. मोजायला चुकलो असेन म्हणालो.

ऑक्टोबरात एका सकाळी वहिनी पाव आणि चीज घेऊन धक्क्यावर आली.

"भावजी, आज मला वर न्या. काळ्या समुद्राच्या तोंडाशी."

"आज शुक्रवार ना? बस चुकली का?"

"बस कंटाळली मला. अकरा वर्षं खाली बघितलं, आता वर बघते. की डिझेल जळेल म्हणून जीव जातोय तुमचा?"

नाही म्हणायला कारण सुचेना. होडीत बसल्यावर तिनं माझीच सुरी घेऊन पाव कापला, मला अर्धा दिला.

मध्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वरून टँकर येत होता. मी टोपली सोडली, नवा पांढरा दोर, पुरे तीस वाव. होडी उत्तरेला निघाली. इतक्या जोरात ती कधीच ओढली गेली नव्हती. मी सुकाणू वळवलं, टँकर बाजूनं निघून गेला. त्याच्या लाटांनी आम्ही दोघं भिजलो.

"ओढा आता," वहिनी म्हणाली, आणि स्वतःच दोराला लागली. जाळी मोजण्यात तिचं आयुष्य गेलेलं, ती मोठ्यानं मोजत होती. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

टोपली आली नाही.

पांढऱ्या दोराच्या टोकाला जुना, शेवाळलेला निळा दोर बांधलेला होता. गाठ उलटी होती.

वहिनीनं गाठीवरून बोट फिरवलं. "ही माझ्या माणसाची गाठ."



गाठीतून निळ्या दोराचं टोक बाहेर आलं होतं. तिनं ते उजेडात धरलं. "हे झिजलेलं नाही, भावजी. कापलंय."

"वहिनी, सोडा तो दोर."

"त्यालाही असंच म्हणालात?"

ती पुन्हा ओढू लागली. एकेचाळीस. बेचाळीस.

पन्नासच्या पुढे दोराला हिसके बसू लागले. एक जोराचा, एक हलका. हातावर हात टाकत कुणी वर चढावं तसे.

मी सुरीसाठी चाचपलं. पावापाशी नव्हती.

ती वहिनीच्या मांडीखाली होती. तिनं ती उचलली, माझ्याकडे न बघता पाण्यात टाकली आणि म्हणाली, "छप्पन्न."