साळूबाईची सनद

मंठ्याचे मौलवी जहीरुद्दीन हदीस शिकवत नसत. पैगंबरांचं वचन कोणी कोणाकडून ऐकलं, ती नावांची साखळी म्हणजे सनद. तिच्यातला एकेक सांगणारा सच्चा होता का, त्याची याद पक्की होती का, दोघांची गाठ खरंच पडली होती का, हे पारखण्यात त्यांची उमर गेली होती. पण शिकवायची इजाजत द्यायच्या आधीच घनसावंगीचे त्यांचे उस्ताद वारले. इजाजतीशिवाय शिकवणं म्हणजे खोटी सनद, असं ते मानत. लेक शाहेदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. 'मला तरी शिकवा' म्हणून ती मागं लागली, तरी ते बधले नाहीत.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी रतीब घालणारी साळूबाई दूध मोजून झाल्यावर ओसरीवर टेकली.

"मौलवीसाब, काल भाचीच्या लग्नाला घनसावंगीला गेल्ते. जीपची वाट पाहून राह्यले होते, तं एक म्हातारे बाबा शेजारी बसले. म्हणले, जहीरला एवढं सांग."

आणि ती नावं म्हणू लागली. अरबी नावं, एकामागून एक, न अडखळता. मधेच एका नावाशी थांबून तिनं घसा खाकरला. उस्ताद बराबर त्याच नावाशी खाकरायचे.

 मौलवींची सवयीनं पारख सुरू झालीच. बाई सच्ची, दुधात पाणी पडलं तर तेही सांगायची. यादही पक्की. पण गाठ? उस्ताद वारले तेव्हा ती लग्न होऊन या मुलखात आलीही नव्हती.

"साळूबाई, शेवटची नावं पुन्हा सांगा."

तिनं उस्तादांचं नाव घेतलं. "मंग जहीर. मंग शाहेदा. मंग हमीदा."

उस्तादांच्या नावाला लागून स्वतःचं नाव. मौलवींचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी इजाजत आली होती.

"पण हमीदा कोण?"

दारातल्या शाहेदानं पोटावर ओढणी घेतली. "अब्बा, ये नाम मैं अभी किसी को बोली नै."



"किताब ला, बेटी," मौलवी हळूच म्हणाले.

साळूबाई कासंडी उचलून निघाली. त्यांनी तिला थांबवलं. एक सवाल राहिला होता, प्रत्येक सांगणाऱ्याला विचारायचा.

"बाबांनी हे कोणाकडून ऐकलं?"

"मीबी तेच इचारलं. म्हणले, हमीदाकडून."