दार बत्तीसशेवर

सुहास बोडके एक पाऊल पुढे सरकला, तसं समोरचं दारही एक पाऊल पुढे सरकलं आणि चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "ओ बोडके, दूध सांडलं ना!"

"सॉरी," सुहास छताकडे बघून म्हणाला आणि खाली मुरमावर बसला. फरशी घालायची राहूनच गेली होती.

'स्थैर्य' सोसायटीच्या तळमजल्यावरच्या या हॉलमध्ये अडकून त्याला तीन महिने होत आले होते. दाराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं असे. वारा आत येई, मांजर येई, सभासद तक्रारी घेऊन येत. फक्त सुहासला दारापर्यंत पोचता येत नव्हतं, कारण दार त्याच्यापासून बत्तीसशे मिलिमीटरवर होतं. कायमचं.

त्या काळी घरं 'आज्ञाधारी काँक्रीट'ची होत. मजूर त्याला 'ऐक्या' म्हणत, कारण ते ऐकायचं. संगणकावरच्या नकाशात दोन रेघांमध्ये बाण काढून आकडा लिहिला, की ओतलेला ऐक्या आपणहून सरकून तेवढ्याच अंतरावर उभा राही. जुना मिस्त्री चुकीचं माप बघून शिव्या घालायचा आणि सांभाळून घ्यायचा. ऐक्या शिव्या घालत नसे आणि सांभाळूनही घेत नसे. अशा मापाला 'बांधील माप' म्हणत. ते कशापासून तरी घ्यावं लागे, एखाद्या पक्क्या कोपऱ्यापासून. तो 'आधारबिंदू'. ऐक्या एकदा जमला, की आकडा बदलता येई, आधार नाही.

सुहास ड्राफ्ट्समन होता. ऑफिसातला नकाशा आणि जागेवरचं वास्तव यांचं कधीच पटत नाही, म्हणून शेवटचं माप जागेवर उभं राहून टाकायची या धंद्याची रीत. सुहासनं रीत पाळली. छतावरचा स्कॅनर खोलीतलं सगळं रेघांमध्ये दाखवत होता, सुहाससकट. कर्सर आपोआप जवळच्या टोकाला चिकटतो. चिकटायचा होता खांबाच्या कोपऱ्याला, चिकटला सुहासच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला. त्यानं ३२०० टाइप केलं आणि चहा मागवला.

बाकी सगळी इमारत दारापासून मोजलेली. त्यामुळे सुहास जिकडे, दार तिकडे, आणि दार जिकडे, सात मजले तिकडे. ताकावर लोणी तरंगावं तशी ऐक्याची इमारत जमिनीवर तरंगे. सुहासनं शर्ट काढून फेकून पाहिला. इमारतीनं शर्टाकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिनं बटणामागचं हाड धरलं होतं.

आज ऐक्याच्या जनक डॉ. यास्मिन मुजावर स्वतः आल्या होत्या.

"मॅडम, माप पुसूनच टाका ना."

"पुसलं तर भिंतींना आपण कुठं आहोत तेच कळणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही एका स्टुलाचं माप पुसलं होतं."

"मग?"

"शोधतोय अजून."

"बरं, आकडा शून्य करा."

"जन्मभर उंबरठ्यात उभे राहाल."

"उणे करा! मी बाहेर, दार मागे!"

"आणि सात मजले तुमच्या पाठोपाठ. सासुरवाडीच्या बोळात घेऊन जाणार?"

सासुरवाडी कराडची. बायको कावेरी बाळंतपणाला तिकडेच होती. मुलगी झाली होती आणि सुहासनं तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. पण सव्वा महिना झाला होता आणि आज त्या दोघी येणार होत्या. सकाळपासून त्यानं दोनदा दाढी केली होती.

"मी मेल्यावर तरी सुटेल का हे?"

"त्याच्याआधीही सुटू शकता," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "तेच सांगायला आले. ऐक्या खांबाला खडीवरून ओळखतो, तुम्हाला रक्तावरून. तुमच्या रक्ताचं कुणी उंबरठ्याच्या आत आलं, तर तो आधार त्याच्याकडे नेईल. ज्याचं आयुष्य जास्त शिल्लक, त्याला धरेल. बांधकामाचं साहित्य आहे शेवटी, टिकाऊपणाच बघणार."

सुहासला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. खोलीच्या कोपऱ्यात एक पाळणा होता. झेंडूच्या माळा लावलेला. सोसायटीचे सेक्रेटरी नेर्लेकर सकाळी स्वतः आणून ठेवून गेले होते. केवढा चांगला माणूस, असं सुहासला तेव्हा वाटलं होतं.

"हे नेर्लेकरांना माहितीये?"

"कमिटीला कालच कळवलं."

बाहेर गाडी थांबली. नेर्लेकर दारातच होते. "या, या वहिनी! आत या! बोडके, सुटलात बघा तुम्ही! आणि आमचंही दूध वर्षभर सांडायचं नाही. बाळ कुठं चालतंय एवढ्यात! चालायला लागलं की बघू काहीतरी, कमिटी आहे."

उंबरठ्याबाहेर कावेरी उभी होती. दुपट्यातून एक मूठ वर आली होती.

"अहो, बघा तरी. नाक तुमचंच आहे."

"कावेरी, आत येऊ नकोस."

"सव्वा महिन्यानं आले आणि दारात थांबू? आता रुसवा का?" तिनं पाऊल उचललं.

बत्तीसशे मिलिमीटर. समजावून सांगायला तेवढं अंतरही पुरलं नसतं आणि वेळही. सुहास उठला आणि एक पाऊल मागे गेला.

कावेरीच्या पायाखालचा उंबरठा मागे सरकला. तिचं पाऊल मातीवर पडलं.

"अहो?"

तो आणखी मागे गेला. वर भांडी पडली. कुणाचा तरी टीव्ही पडला. नेर्लेकर "बोडके! बोडके!" करत दाराबरोबर फरफटत आले. मुजावर मॅडम त्याच्या बरोबरीनं मागे चालत राहिल्या. पुढची भिंत पाळण्याला भिडली आणि त्याला ढकलत आणू लागली. माळा हलत होत्या.

सुहास मागे जात राहिला. दार बत्तीसशेवरच होतं. दारातून दिसणारी मूठ मात्र पाच हजारांवर गेली, मग आठ, मग बारा. हे माप कुणी टाकलं नव्हतं, तरी तो ते मोजत होता.

चौथ्या मजल्यावरून पुन्हा ओरडा आला. या वेळी तो सॉरी म्हणाला नाही.