केनेवेच्या अंगणातला गोल वाफा

त्यांची पहिली भेट काही फारशी शोभिवंत नव्हती. कुणी पाहू नये म्हणून केनेवे दवाखान्याच्या मागे गेली, भिंतीला हात टेकला, आणि ओकली ती नेमकी एका माणसाने नुकत्याच रचलेल्या दगडांवर.

माणूस तिथेच उकिडवा बसला होता. त्याने हातातला दगड शांतपणे खाली ठेवला.

"अजून रोपंसुद्धा लावली नाहीत," तो म्हणाला, "आणि तू खत घालून मोकळी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. लेसोथोच्या डोंगरातला हिवाळ्याचा वारा अंगाला बोचत होता. तिने ब्लँकेट पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतलं. त्याने मात्र तिला चूळ भरायला पाणी दिलं, आपल्या डब्यातली ज्वारीची आंबील झाकणात ओतली आणि पुढे केली. सावकाश, म्हणाला, एकेक घोट.

सकाळी काय खाल्लं होतंस, असं त्याने विचारलं. कोरा चहा. आणि काल रात्री? ...कोरा चहा. तो हसला नाही. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की पोट असंच रुसतं, म्हणाला. सुरुवातीला माझंही रुसायचं.

केनेवेने चमकून वर पाहिलं. गुडघा दुखतो म्हणून सांगावं इतक्या सहज हा माणूस सांगत होता, की त्यालाही एचआयव्ही आहे.

त्याचं नाव मोकेते. म्हणजे मेजवानी.

"मेजवानी नाव, आणि अंगावर मूठभर मांस नाही," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"दोन वर्षांपूर्वी बघायला हवं होतंस," तो म्हणाला. "तेव्हा मी मेजवानी उरकल्यावरचा हाडकांचा ढीग होतो."

आता मात्र ती हसली. कितीतरी दिवसांनी.

सीमेपलीकडे, खाणकामगारांच्या वसतिगृहात तो स्वयंपाकी होता. आजारी पडून घरी परतला, गोळ्यांनी उभा राहिला, आणि आता दवाखान्यासाठी कमरेएवढे उंच गोल दगडी वाफे बांधत होता. त्यांच्या मधोमध काड्यांची टोपली असे. तिच्यात घरातला ओला कचरा आणि धुण्याभांड्याचं पाणी टाकायचं, की वाफा हिवाळ्यातही हिरवा राहतो. आणि अशक्त माणसाला कंबर न वाकवता भाजी खुडता येते.

केनेवे कपडे शिवायची. आईवडील गेल्यापासून आत्याच्या घरी राहायची. तिच्या गावाजवळही दवाखाना होता. पण आपल्याला काय झालंय हे कुणाला कळू नये म्हणून ती दर महिन्याला खिंड ओलांडून इकडे यायची. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याला तिने खरं सांगितलं होतं. तो शहरात गेला तो गेलाच. त्यानंतर तिने कुणालाच सांगितलं नाही, आत्यालासुद्धा नाही.

गोळ्यांचा दिवस आला की आता तिची पावलं जरा लवकर उठू लागली. मोकेतेचा पहिला प्रश्न ठरलेला – काय खाल्लंस?

"बाकीची माणसं 'कशी आहेस' म्हणून विचारतात," ती एकदा म्हणाली.

"त्याचं उत्तर खोटं देता येतं. पोट खोटं बोलत नाही, आउसी." तिकडे कुठल्याही तरुणीला अशीच, ताई म्हणून, हाक मारतात.

शेंगदाण्याचं कूट घालून पालेभाजी कशी करायची, राजमा रात्रभर का भिजवायचा, हे तो बोलता बोलता सांगे. भूक लागत नाही ना, मग थोडं थोडं खा, पण चार वेळा खा. मक्याच्या घट्ट उकडीबरोबर एखादं अंडं असू दे. भाजीने हा आजार जात नाही, तो गोळ्याच दाबून ठेवतात. पण गोळ्यांनी कुणाच्या जिवावर राबायचं? आणि ती निघाली, की चुलीजवळ तापलेला एक गुळगुळीत दगड तो फडक्यात गुंडाळून तिच्या हातात देई. खिंडीतल्या थंडीसाठी. तिने त्याच्या कोटाचं फाटलेलं कोपर शिवून दिलं. टाके इतके बारीक, की शोधूनही सापडू नयेत... तो मात्र शोधत बसला.

एके दिवशी त्याने विचारलं, तुझ्या अंगणात वाफा बांधू का?

"नको." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आमच्याकडे गोल वाफा दिसला, की लोक विचारतात, या घरात कोण आजारी? आणि... तुझ्याबरोबर मी दिसले, तरी तेच विचारतील."

त्या दिवशी त्याने दगड दिला, पण तिच्या डोळ्यांत न बघता.

पुढच्या महिन्यात तो दवाखान्यात नव्हता. दुसऱ्या गावांत कामाला गेलाय, नर्स म्हणाली. सगळी वाट केनेवे स्वतःलाच बोल लावत चालली. आणि घराजवळच्या वळणावर तिचे पाय थबकले. गावच्या प्रमुखाच्या अंगणात, बाह्या सरसावून, मोकेते दगड रचत होता.

त्याने मान वर केली, अनोळखी माणसासारखा नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागला. तिने लपवायला सांगितलं होतं, तो लपवत होता. तरी घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

प्रमुखाच्या बायकोने वाफ्यात कांदे लावले. मग शाळामास्तरांना वाफा हवासा वाटला, मग चर्चच्या बायकांना. शेजारची मालिनेओ – गाव तिला आदराने म्मे, म्हणजे आई, म्हणे – जिच्या तोंडून कुठलंच घर सुटत नसे, तिने तर भांडून आपला नंबर पुढे लावून घेतला. पीचच्या झाडांचा फुलोरा गळेपर्यंत गावभर गोल वाफे झाले, आणि कुणाचा कोबी मोठा यावरून पाणवठ्यावर बायकांची जुंपू लागली. आत्या फुरंगटून बसली. साऱ्या गावाला वाफा आणि आपलंच अंगण बोडकं!

एके सकाळी मोकेते फाटकाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. आत्या आत चहा ठेवायला गेली तसा तो हळूच म्हणाला, "आता तुझ्या अंगणात वाफा नसला, तरच लोक विचारतील."

केनेवे त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे हे सगळं... कांदे, कोबी, मास्तरांचा वाफा... हे माझ्यासाठी? तिने विचारलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, तेवढं पुरे होतं.

दगड वाहायला शेजारणी आल्या. काम अर्ध्यावर आलं असताना मालिनेओने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं, वाफ्याची खरी गरज तुलाच दिसते. असल्या काडीला कोण करून घेणार?"

सगळ्या हसल्या. केनेवेलाही हसून वेळ मारून नेता आली असती. आता तर काहीच सांगायची गरज उरली नव्हती. पण तिने हातातला दगड भिंतीवर नीट बसवला आणि हात झटकले.

"मला एचआयव्ही आहे, म्मे मालिनेओ. दोन वर्षं झाली. गोळ्या घेते. आणि आता पोटभर जेवणार आहे."

हसणं विरलं. मालिनेओने हातातलं घमेलं ठेवलं, घरी काम आहे असं काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. तिच्यामागे आणखी एकजण. बाकीच्या थांबल्या, आणि जरा वेळाने त्यांतल्या एकीने मुकाट्याने पुढचा दगड उचलला. आत्या उंबऱ्यातच बसली होती.

"म्हणून तू खिंड ओलांडत होतीस?" ती म्हणाली. "बर्फात? एकटी?" एवढंच. मग डोळे पुसत ती आत गेली आणि कोंबड्यांनी दिलेली होती नव्हती तेवढी अंडी उकडायला ठेवली.

उन्हं उतरली तेव्हा वाफा पुरा झाला होता. मोकेते निघाला. केनेवे ब्लँकेट खांद्यावर टाकून त्याच्याबरोबर निघाली – मागच्या ओढ्याकडच्या आडवाटेने नव्हे, गावाच्या मधल्या वाटेने. दारादारांत माणसं उभी होती.

"तुला काही सांगावं लागू नये म्हणून मी अख्खं गाव पालथं घातलं," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगता आलं."

दूर डोंगरावर पाऊस उतरत होता, ओल्या मातीचा वास इथपर्यंत येत होता.

"केनेवे..." त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली आणि पुढचे शब्द विसरला. गावभर दगड वाहणारा माणूस. एक वाक्य त्याला उचलेना.

"लग्नाच्या बोलणीसाठी आत्याला माझ्या मामांना निरोप धाडावा लागेल," तीच म्हणाली. "तुझ्या घरचे मागणी घालायला कधी येतात ते मी तिला सांगून ठेवते."

"म्हणजे... हो?"

मालिनेओच्या फाटकासमोर केनेवेने त्याचा हात धरला. आत पडदा हलला. तिने हात सोडला नाही.

"हो," ती म्हणाली. "चल आता. पाऊस येतोय."